फर्मवेअरची नवी वही आणि रीसेटची आज्ञा

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, हे आमच्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य गहू, तूर, हरभरा नि मका यांच्या पोत्यांत गेलेले. परंतु आज शनवाऱ्यातील कोणत्याही बऱ्यापैकी पेढीत डोकावून पाहावे. गादी आहे, तक्के आहेत, भिंतीवर लाभ-शुभ लिहिलेले आहे, आणि मागच्या खोलीत लोखंडी कपाटात एक काळी पेटी रात्रंदिवस घोंघावत आहे. तिला सर्व्हर म्हणतात. रोजमेळ, खतावणी, वखारीतील शिल्लक, येणेदेणे, सारे तिच्या पोटात. तिजोरीची किल्ली आपण कमरेस बांधतो. या पेटीविषयी मात्र 'पोरांना विचारा' असे म्हणून मोकळे होतो. आम्हीही तसेच म्हणत असू. त्याची किंमत आम्हांस मोजावी लागली, म्हणून हा लेख.

विषय तसा लहान आहे. यंत्राच्या आतील भागांचे फर्मवेअर बदलल्यानंतर ते भाग आज्ञा देऊन पुन्हा सुरू करावे लागतात. यास रीसेट करणे म्हणतात. कोणता भाग रीसेट करावयाचा आणि कोणत्या शब्दांनी, एवढेच यात समजून घ्यावयाचे आहे. या 'एवढ्या'तच सारी मेख आहे.

2019 च्या एप्रिलमधील गोष्ट. गव्हाचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या यंत्राची देखभाल पाहणाऱ्या एका तंत्रज्ञाने दूरवरून मुख्य फलकाचे फर्मवेअर बदलले आणि फोनवर सांगितले, "काम झाले आहे, सवडीने रीसेट करून घ्या." 'सवडीने' हा शब्द आमच्या कानांवर पडला, मनात उतरला नाही. आम्ही मुनिमांस म्हणालो, "रीसेट करा म्हणतात, करून टाका." त्यांनी कपाट उघडले आणि पेटीवरील कळ ती बंद पडेपर्यंत दाबून धरली. त्या क्षणी बाहेर चौघेजण काट्याच्या चिठ्ठ्या हिशेबात चढवीत होते. पेटी पुन्हा सुरू झाली, पण खात्यांची फाइल उघडेना. राखीव प्रत काढावयाची ती डिस्क तीन दिवसांपासून टेबलाच्या खणात तशीच पडून होती. तीन दिवसांचा व्यवहार आम्ही चिठ्ठ्यांच्या ढिगातून पुन्हा उभा केला. त्यात एका शेतकऱ्याच्या 42 पोत्यांची चिठ्ठी सापडली नाही. तो गृहस्थ दोनदा आला, दोनदा उन्हात परत गेला. तिसऱ्या खेपेस आम्ही त्याच्या शब्दावर पैसे चुकते केले. पण 'शेठजी, तुमच्याकडे असे कधी झाले नव्हते,' हे त्याचे वाक्य आजही आमच्या कानांत आहे. चूक त्या तंत्रज्ञाची म्हणावी, तर त्याने सवडीने करा असे सांगितले होते. मुनिमांची म्हणावी, तर त्यांनी आमची आज्ञा पाळली. ज्याने अर्थ न समजता आज्ञा दिली, चूक त्याची.

आता फर्मवेअर म्हणजे काय, ते आमच्या भाषेत सांगतो. हिशेबाचा प्रोग्राम हा पेढीवर नेमलेल्या मुनिमासारखा. तो उद्या बदलता येतो. फर्मवेअर ही यंत्राच्या प्रत्येक अवयवाला जन्मतः मिळालेली शिकवण होय. डिस्कला तिचे स्वतःचे फर्मवेअर असते, जाळ्याच्या कार्डाला त्याचे, मुख्य फलकाला त्याचे. वीज येताच प्रत्येक अवयव आपली शिकवण स्मरतो आणि त्याप्रमाणे वागू लागतो. कारखानदारास त्या शिकवणीत दोष आढळला की तो सुधारलेली आवृत्ती पाठवितो. ती अवयवाच्या पोटात लिहिली जाते. परंतु लिहिली गेली म्हणजे लागू झाली, असे नेहमी होत नाही. दिवाळीपूर्वी आपण नवी वही आणून ठेवतो. मुहूर्त होऊन पहिली ओळ लिहीपर्यंत व्यवहार जुन्याच वहीत चालतो. बहुतेक अवयवांच्या बाबतीत हा मुहूर्त म्हणजे रीसेट. तो न केल्यास कपाटात नवी वही आणि हातात जुनी, अशी स्थिती महिनोन् महिने राहते, आणि मालक मात्र समजतो की आपले यंत्र सुधारले.

'जुन्या वहीने काय बिघडते?' असे कोणी विचारील. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने स्वतःच जाहीर केले की, तिच्या सर्व्हरांतील काही प्रकारच्या घन-स्थिती डिस्क 32,768 तास चालल्या की बंद पडतात. हिशेब केल्यास 3 वर्षे 270 दिवस 8 तास होतात. बंद पडल्या की डिस्कही गेली आणि तिच्यातील मजकूरही गेला. हा आकडा कोठून आला? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुपटीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. त्या पटाच्या सोळाव्या घरात बरोबर 32,768 दाणे येतात. यंत्राचे सारे गणित दुपटीचेच असते. आकडा लिहिण्यास ठरावीक घरे आखून दिलेली असली की ती भरताच पुढचा आकडा मावत नाही आणि हिशेब कोसळतो. चार आकडी रकमेच्या रकान्यात पाच आकडी रक्कम लिहू गेल्यासारखे. त्यात आणखी वाईट हे की, एकाच दिवशी बसविलेल्या डिस्कांचे तासही एकत्रच भरतात. एक गेली तर दुसरी राखील, या भरवशावर दोन ठेवाव्यात तर दोघी जवळजवळ एकाच वेळी जावयाच्या. पुढे 2020 च्या मार्चमध्ये त्याच कंपनीने 40,000 तासांवर बंद पडणाऱ्या दुसऱ्या काही डिस्कांविषयी तशीच सूचना काढली. दोन्ही वेळा उपाय एकच होता: तास भरण्यापूर्वी फर्मवेअर बदलणे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही एकांगी ठरू. 2018 च्या जानेवारीत प्रोसेसरांतील स्पेक्टर नावाच्या दोषावर इंटेल कंपनीने सुधारणा दिली. ती घेतल्यावर कित्येक यंत्रे आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागली, आणि 22 जानेवारी रोजी कंपनीलाच 'तूर्त ही सुधारणा घालू नका' असे सांगावे लागले. नवी तूर बाजारात आली की आपण पहिल्या दिवशी सारी वखार भरीत नाही. मूठभर घेऊन दाणा दाताखाली धरून पाहतो. फर्मवेअरचेही तसेच. कंपनीचे पत्रक वाचावे, दोष प्राणघातक असल्यास त्वरा करावी, नसल्यास काही दिवस थांबावे.

आता त्या पेटीच्या आतील एका विलक्षण अवयवाकडे वळू. बहुतेक चांगल्या सर्व्हरांत मुख्य प्रोसेसराखेरीज एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्याचे शास्त्रीय नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी. डेल कंपनी त्यास आयड्रॅक म्हणते, ह्युलेट पॅकार्ड आयएलओ म्हणते. आम्ही त्यास राखणदार म्हणतो. वखारीला कुलूप लागले, दिवे मालवले, तरी राखणदार जसा बाहेर खाटेवर जागा असतो, तसा हा जागा असतो. पंखे किती वेगाने फिरावेत, उष्णता किती झाली, वीजपुरवठा नीट आहे की नाही, हे तो पाहतो. आणि बाहेरून योग्य परवलीचा शब्द घेऊन आलेल्या माणसास यंत्र सुरू करू देतो, बंद करू देतो. इंटेल, डेल, ह्युलेट पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी 1998 साली या राखणदाराशी बोलण्याची एक समान भाषा ठरविली. तिला आयपीएमआय म्हणतात. 2015 साली रेडफिश नावाची नवी भाषा आली. आज दोन्ही चालतात.

बऱ्हाणपूरकरांस हे समजण्यास कठीण नसावे. आपला कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत झाला. सातपुड्याच्या उतारावरील पाणी भुयारातून शहराकडे आणले आणि त्या भुयारावर ओळीने कुंड्या ठेवल्या. भुयारात काय चालले आहे ते पाहण्यास, गाळ काढण्यास कुंडीतून खाली उतरता येते. त्यासाठी वरची जमीन खणावी लागत नाही. राखणदार हा सर्व्हरची कुंडी आहे.

एक गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावी, कारण आमच्या माहितीतील अनेकजण येथेच फसतात. पेटीची कळ दाबून यंत्र बंद केले तरी राखणदार बंद होत नाही. विजेची दोरी भिंतीत आहे तोवर त्यास मंद वीज मिळत राहते. म्हणून राखणदार गोंधळला असता यंत्र दहा वेळा बंद-चालू केले तरी त्याचा गोंधळ जातोच असे नाही. त्याला स्वतंत्रपणेच रीसेट करावे लागते. आणि याचीच उलट बाजू अशी, की राखणदार रीसेट केला असता हिशेबाचे काम थांबत नाही. राखणदार चहा पिऊन येईतो वखारीतील माल जागचा हलत नाही.

आज्ञेच्या ओळीवर, म्हणजे जेथे चित्रे नसून केवळ अक्षरे लिहावयाची असतात त्या काळ्या पडद्यावर, ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहितात. तिचा उच्चार येथे देतो: 'आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड'. आयपीएमआयटूल हे हत्याराचे नाव, एमसी म्हणजे राखणदार, रीसेट म्हणजे पुन्हा सुरू हो, आणि कोल्ड म्हणजे अगदी पहिल्यापासून. 'कोल्ड'च्या जागी 'वॉर्म' हाही शब्द आहे. तो सौम्य, पण सारी यंत्रे तो मानीत नाहीत. आज्ञेनंतर एक ते तीन मिनिटे राखणदार उत्तर देत नाही. या तीन मिनिटांत घाबरून दोरी उपटू नये.

आता हीच ओळ थोडी बदलून पाहू: 'आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर रीसेट'. 'रीसेट' हा शब्द दोन्हींत आहे. परंतु दुसरी आज्ञा संपूर्ण यंत्राला तत्क्षणी धक्का देते. चौघेजण चिठ्ठ्या चढवीत असोत की चाळीस, ती विचारीत नाही. आमच्या मुनिमांनी 2019 साली कळ दाबून जे केले, तेच ही आज्ञा बोट न लावता करते. यंत्रास रीतसर काम आवरून बंद होण्यास सांगावयाचे असेल तर शेवटी 'सॉफ्ट' हा शब्द येतो. डेलच्या यंत्रांत तर याहून सूक्ष्म फरक आहे. 'रॅकरीसेट' म्हटले तर राखणदार पुन्हा सुरू होतो. त्याच शब्दास 'सीएफजी' ही तीन अक्षरे जोडली तर राखणदाराच्या साऱ्या नेमणुका, त्याचा जाळ्यावरील पत्ता, परवलीचे शब्द पुसून तो कारखान्यातून आला तसा कोरा होतो. दूर गावाहून काम करणाऱ्याने चुकून हे केले, तर ज्या दारातून तो आत आला ते दारच नाहीसे होते. हुंडीवर एक शून्य अधिक पडल्याने बुडालेल्या पेढ्यांच्या कथा आपण ऐकतो. त्याच जातीचा हा प्रकार.

इतर अवयवांचे नियम निरनिराळे आहेत. मुख्य फलकाचे फर्मवेअर, ज्यास बायोस म्हणतात, ते यंत्र संपूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याखेरीज लागू होत नाही. तेथे सवड काढावीच लागते. एनव्हीएमई जातीच्या डिस्कांत फर्मवेअर ठेवण्यास 7 पर्यंत खण असू शकतात, आणि कोणत्या खणातील वही उघडावयाची, आताच की पुढच्या रीसेटला, हे आज्ञेतच सांगता येते. जाळ्याच्या काही कार्डांना स्वतःची रीसेट-आज्ञा असते, काहींना पूर्ण वीज तोडावी लागते. हे पाठ करण्याचे कारण नाही. तंत्रज्ञास प्रश्न विचारता आला म्हणजे पुरे: "कोणता अवयव? तो रीसेट झाला असता हिशेब थांबेल काय? आवृत्ती बदलल्याचे मला दाखवा." शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. 'आयपीएमआयटूल एमसी इन्फो' असे लिहिले की राखणदाराची चालू आवृत्ती पडद्यावर येते. रीसेटपूर्वी आणि नंतर ती कागदावर उतरवून घ्यावी.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये याची परीक्षा झाली. मक्याची आवक जोरात होती. बाहेर तीन ट्रक भरून उभे, एक भुसावळकडे जाणारा. आदल्या रात्री पुण्यास असलेल्या आमच्या पुतण्याने राखणदाराचे फर्मवेअर बदलले होते. सकाळी दुकान उघडले तो मागच्या खोलीतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज. सारे पंखे पूर्ण वेगाने फिरत होते. मुनीम पाच वर्षांपूर्वीच्या सवयीने कपाटाकडे धावले. आम्ही त्यांचा हात धरला आणि पुण्यास फोन लावला.

"काका, बिले निघताहेत का?"

"निघताहेत."

"मग कशालाही हात लावू नका."

त्याने पेढीच्या सुरक्षित मार्गाने आत येऊन प्रथम आवृत्ती पाहिली, नवी होती. मग उष्णतेचे आकडे मागितले, तर राखणदाराकडून एकही आकडा येईना. उष्णता किती हेच कळेनासे झाल्यावर, काही जळू नये म्हणून पंखे पूर्ण सोडावयाचे, अशी त्याला शिकवण असते. म्हणजे बिचारा मूर्ख नव्हता, केवळ आंधळा झाला होता. पुतण्याने वर सांगितलेली पहिली ओळ लिहिली. दोन मिनिटे तसाच गोंगाट. मग एकेक पंखा खाली येत गेला आणि खोलीत पुन्हा नेहमीचे घोंघावणे सुरू झाले. त्या अवधीत बाहेर एकही बिल अडले नाही. भुसावळच्या ट्रकच्या ड्रायव्हरास आत काही घडले याचा पत्ताही नव्हता.

यासाठी अक्षरांची आज्ञाच का, कळ किंवा चित्र का नव्हे, असे आम्ही त्यास विचारले. त्याने पुण्याचेच उदाहरण दिले. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, रुद्र नावाचा सर्व्हर आपल्या देशात घडविला आणि त्यावर उभारलेले परम रुद्र हे तीन महासंगणक 26 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रास अर्पण झाले. त्यांपैकी पुण्याचा महासंगणक नारायणगावजवळच्या खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. अशा ठिकाणी पेट्या ओळीने शेकड्यांनी असतात. प्रत्येकीपुढे जाऊन कळ दाबणारा माणूस आणावा कोठून? एक ओळ लिहिली की ती साऱ्यांना सांगता येते, आणि काय सांगितले याची नोंदही राहते. आमची एक पेटी त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती. पण नोंद राहते, हे आम्हांस पटले. कळ दाबल्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

राखणदाराचा दरवाजा मात्र उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. 2017 साली आयएलओच्या एका आवृत्तीत असा दोष सापडला की, विशिष्ट जागी इंग्रजी 'ए' हे अक्षर 29 वेळा पाठविले असता परवलीच्या शब्दाविना आत शिरता येत असे. राखणदार जागा होता, पण 'आ' वासून! फर्मवेअर लिहिले जात असता वीज जाता कामा नये. अर्धवट लिहिलेली शिकवण घेऊन अवयव उठतच नाही. आपल्याकडील विजेचा स्वभाव सर्वांस ठाऊक आहे, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासावी. राखीव प्रत त्याच दिवशीची असावी; खणातील नव्हे. आणि जाता जाता एक: इलेक्ट्रॉनिक काट्यातही फर्मवेअर असते, परंतु तेथे हा सारा उत्साह आवरावा. त्यावरील वैधमापन खात्याची मोहोर तुटली तर काटा पुन्हा तपासून मोहोरबंद करून घ्यावा लागतो. पुतणे कितीही हुशार असले तरी त्यांना काट्यापासून दूर ठेवावे.

गेल्या दिवाळीस पुतण्या घरी आला असता त्याने मुनिमांस समोर बसवून ती ओळ त्यांच्याच हातून लिहविली. दुकान बंद झाले होते, प्रत काढून झाली होती. मुनिमांनी एकेक अक्षर तपासून लिहिले, 'एमसी'वर बोट ठेवून दोनदा वाचले, आमच्याकडे पाहिले, आणि मग कळ दाबली. राखणदार परत बोलू लागेतो ते घड्याळाकडे पाहत उभे होते. नंतर त्यांनी, कोणी न सांगता, रोजमेळाच्या पानाच्या तळाशी लिहिले: 'सर्व्हरचा राखणदार रीसेट केला. वेळ सायंकाळी 7-10. दोन मिनिटे लागली. हिशेब चालू.'